देवाच्या तळीतली जलपर्णी काढताना

देवळाची तळी भरून सांडली की तेच पाणी व्हाळातून (ओढ्यातून) भातखाचरांत आणि पुढे खाडीत जाते. त्यामुळे तळीची सेवा ही खालच्या प्रत्येक वाडीची सेवा आहे. घाईत केली तर मात्र मासे मरतात आणि जलपर्णी आणखी पसरते.

काम शिमग्यानंतर लगेच घ्यावे. पाणी खाली गेलेले असते आणि चाकरमानी गावात असतात. देवस्थान आणि ग्रामपंचायतीची संमती घेऊन, देवाला गाऱ्हाणे घालून सुरुवात करावी. कमळ, कुमुदिनी आणि काठचा केवडा आपलेच. त्यांना हात लावायचा नाही. जलपर्णी ओळखायची ती फुगीर, स्पंजासारख्या देठावरून, जांभळ्या फुलांवरून आणि पिसासारख्या काळपट मुळांवरून.

सगळ्यात आधी सांडव्यावर जुने मासेमारीचे जाळे दुहेरी करून ताणून बांधा. हे करायचे राहून गेले तर सुटलेले तुकडे व्हाळात जातात आणि एकेका तुकड्यातून नवा थर तयार होतो. ‘खाडीत गेले की खाऱ्या पाण्याने मरेल’ हा भरवसा पावसात खोटा ठरतो, कारण तेव्हा खाडीचे पाणीच गोडे झालेले असते.

मग कोयत्याने थराचे साधारण दोन मीटरचे तुकडे पाडा आणि आकडीच्या बांबूने काठाला ओढा. उचलण्याआधी मुळे पाण्यातच झाडा, म्हणजे माशांची पिल्ले आणि कासवे पाण्यात राहतील. एका दिवशी तळीचा तिसरा भागच मोकळा करा. उन्हात सगळा गाळ एकदम ढवळला तर पाण्यातला प्राणवायू घटून मासे उलटे होतात. तणनाशकाने तेच होते, कारण मेलेला थर पाण्यातच सडतो. तळीत ते अजिबात नको. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच उतरा. अंगावर जखम असेल तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) भीतीने काठावरचे काम घ्या. ढीग उचलताना आधी काठीने हलवा, खाली फुरसे हा विषारी साप असू शकतो.

काढलेला माल पुराच्या रेषेच्या वर, सड्यावरच्या (पठारावरच्या) कातळावर पातळ पसरा. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्याने उन्हात त्याचे वजन झपाट्याने उतरते. वाळल्यावर त्याचे वीतभर थर आणि मध्ये शेण घालून खताचा मीटरभर उंच ढीग रचा, दर पंधरवड्याला उलथा. फुले आलेली रोपे या खतात नकोत. ती वेगळी वाळवून माडाच्या आळ्यात, पाण्यापासून लांब घाला. सांडपाणी मिसळणाऱ्या तळीतली जलपर्णी गुरांना देऊ नये.

काठावर माजणारी झुडपेही काढावीत. रानमोडी फुलण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, मुळासकट उपटावी. घाणेरीचे सोटमूळ जमिनीखाली चार बोटे तोडून झुडूप उलटे ठेवावे.

खरी चिकाटी पुढे लागते. उबदार पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि गाळातल्या बिया पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकतात. म्हणून पहिले वर्षभर दर आठवड्याला फेरी मारून हाताने रोपे वेचा. आटलेल्या गाळावर उगवलेली बारीक रोपे विशेष बघा. कपड्यांचा साबण, निर्माल्य आणि सांडपाणी हेच तिचे खत आहे. निर्माल्यासाठी काठावर वेगळा खड्डा करा आणि धुण्याचा दगड तळीपासून लांब हलवा.