जर्मनीत युनिट काढताय? मग सुरुवात पुण्याच्या ऑफिसातून करा

माझ्या ओळखीतल्या चाकण-भोसरीच्या दोन-तीन कंपन्यांनी मागच्या काही वर्षांत जर्मनीत काही ना काही सुरू केलं, कुणी छोटं वर्कशॉप विकत घेतलं, कुणी नुसतं सेल्स ऑफिस काढलं. आमच्या कंपनीनंही श्टुटगार्टजवळ तीसेक माणसांचं मशिनिंग युनिट घेतलंय आणि त्याचं एचआर आणि रोजचं को-ऑर्डिनेशन पुण्यातून मी बघते. पुण्याला हे काही नवीन नाही, भारत फोर्जनं २००४ मध्येच एनेपेटालची कार्ल डान पेडिंगहाउस ही जर्मन फोर्जिंग कंपनी घेतली होती. पण मोठ्या कंपनीकडे वकील असतात, तिथली भाषा येणारी माणसं असतात, लहान कंपनीत हे सगळं एक-दोघांच्या अंगावर पडतं. त्या एक-दोघांसाठी हे लिहितेय.

पहिलं सांगायचं म्हणजे, तिथल्या लोकांना भारतीय पद्धती समजावणारं ट्रेनिंग नंतर ठेवा, आधी आपल्या पुण्याच्या टीमला घेऊन बसा. तिथली माणसं वर्षानुवर्षं तेच काम नीट करतायत, मालक बदललाय फक्त. गडबड होते ती दोघांच्या मध्ये जो फोन आहे ना, तिथे होते.

आमचं उदाहरण सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉलवर तिथल्या प्रॉडक्शनवाल्यानं विचारलं, फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवायची चौकट, का-वे ३७ मध्ये मिळेल का. आमचा पोरगा म्हणाला, "येस येस, नो प्रॉब्लेम." आता आपल्याला माहितीये या येसचा अर्थ काय, ऐकलं, कळलं, करतो काहीतरी, बघू. त्या माणसानं मात्र तो येस मिनिट्समध्ये लिहिला, त्यावर मशीन बुक केलं आणि कस्टमरला तारीख देऊन टाकली. का-वे म्हणजे कालेंडरवोखं, वर्षाचा कितवा आठवडा ते. तिकडे तारखेपेक्षा आठवड्याच्या नंबरावर बोलतात, आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा एक नंबर. आमच्या पोराला ३७ म्हणजे कधी हेच नीट माहीत नव्हतं आणि विचारायला लाज वाटली. २०२४ चा ३७ वा आठवडा ९ सप्टेंबरला सुरू झाला आणि गणपती बसले होते ७ ला. प्लेटिंगवाल्याकडची अर्धी माणसं कोकणात, कोण करणार काम. फिक्श्चर दहा दिवस उशिरा गेलं आणि तिकडच्या माणसाच्या डोक्यात पुणं म्हणजे खोटं बोलणारी माणसं असं बसलं, ते निघायला वर्ष गेलं. पोरगा खोटं बोललाच नव्हता, हे मला आजही लागतं.

यावर काय करायचं. एक तर प्रत्येक कॉलनंतर अर्ध्या तासाच्या आत चार ओळींचा मेल गेलाच पाहिजे, कोण, काय, कुठल्या आठवड्यात, आणि कशावर अडकू शकतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण आपण ती कधीच लिहीत नाही. दुसरं, टीमला एक वाक्य अक्षरशः पाठ करून घ्या, "आत्ता सांगता येणार नाही, गुरुवारी दुपारपर्यंत सांगतो." जर्मन माणसाला या उत्तराचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. राग येतो तो गुरुवारी फोन आला नाही तर.

पण नुसतं सांगून पोरं नाही म्हणायला लागत नाहीत. आपल्याकडे सरांसमोर नाही म्हणायचं नसतं हे लहानपणापासून शिकलोय आपण. आमच्या एमडींनी एकदा भर मीटिंगमध्ये एका ज्युनिअर इंजिनिअरला विचारलं, दोन आठवड्यांत होईल का, तो चाचरत म्हणाला नाही सर, चार लागतील, आणि एमडी म्हणाले "ठीक आहे, चार लिही." बस, एवढंच. त्यानंतर महिनाभरात कॉलवरची भाषा बदलली. वरचा माणूस हे करणार नसेल तर खाली कितीही ट्रेनिंग द्या, काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅलेंडर एकच ठेवा, दोन्हीकडे भिंतीवर, आठवड्याच्या नंबरासकट. त्यात आपले गणपती, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं टाका, त्यांच्या सुट्ट्या टाका. आणि त्यांच्या सुट्ट्या राज्याराज्यात वेगळ्या असतात हे लक्षात ठेवा, श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतं तिथे ६ जानेवारी आणि १ नोव्हेंबर सुट्टी असते, बर्लिनला या दोन्ही नसतात. सुट्टी गुरुवारी आली की बरेच जण शुक्रवार जोडून घेतात. उन्हाळ्याच्या रजा लोक वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवतात आणि एकदा मंजूर झालेली रजा म्हणजे दगडावरची रेघ, "जरा पुढे ढकला ना" हे तिथे चालत नाही. कायद्यानं पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस रजा आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त देतात. रजेत माणूस आजारी पडला आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं तर ते दिवस रजेतून कापता येत नाहीत.

वेळेचं गणित वर्षातून दोनदा बदलतं, उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ हलतं. आमच्या तिथल्या वर्कशॉपची पहिली शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते त्यामुळे वेळ तशी छान जुळते. पण सकाळी नऊला त्यांची फेस्पर असते, म्हणजे डबा खायची सुट्टी, ती उन्हाळ्यात आपल्या साडेबाराला येते, आणि आम्ही नेमका साडेबाराचा कॉल लावून ठेवला होता. तीन महिने ती माणसं हातातला पाव बाजूला ठेवून कॉलवर येत होती आणि कुणी काही बोललं नाही. शुक्रवारी तर दुपारी एकला वर्कशॉप रिकामं होतं. आपण शुक्रवारी संध्याकाळी निवांत बसून मेल टाकतो आणि सोमवारपर्यंत उत्तर नाही म्हणून चिडतो. काम संपलं की फायरआबेंड, मग फोन नाही. आणि हा नुसता स्वभावाचा प्रश्न नाही, दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग अकरा तास विश्रांती मिळाली पाहिजे असा कायदा आहे.

आता सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट, बेट्रीब्सराट. कामगारांनी निवडून दिलेली समिती, कायमची पाच माणसं असली तरी ती निवडता येते, आमच्यासारख्या तीस जणांच्या ठिकाणी तीन सदस्य असतात, निवडणूक दर चार वर्षांनी. आपल्याकडचे लोक हे ऐकलं की लगेच युनियन, गेट मीटिंग, संप असं डोक्यात आणतात. ते काढून टाका. ही समिती संप करूच शकत नाही, कायद्यानं मनाई आहे, आणि मालकाशी विश्वासानं मिळून काम करावं असं त्याच कायद्यात लिहिलंय. पण तिला डावललं तर मात्र महागात पडतं. कुणालाही काढायचं असेल तर आधी समितीला कारणासकट कळवावं लागतं, नेहमीच्या नोटिशीत त्यांना उत्तराला आठवडाभर मिळतो, न कळवता काढलं तर काढणंच रद्द. ओव्हरटाइम लावायचा तर त्यांची संमती लागते. आणि आपल्या लोकांना जे कधीच सुचत नाही ते म्हणजे सॉफ्टवेअर, कामगार किती वाजता आला, काय करतोय हे ज्यातून बघता येतं असं काहीही बसवायला त्यांची संमती हवी. पुण्यातलं अटेंडन्स ॲप सोमवारपासून तिकडेही चालू करा असा मेल टाकून मोकळं होता येत नाही. आम्ही टाकला होता. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी अतिशय शांतपणे, एका पानाचं पत्र पाठवून ते थांबवलं.

पुण्याचा मोठा साहेब पहिल्यांदा तिथे गेला की त्यानं मॅनेजरच्याही आधी या समितीला भेटावं असं मी सांगेन. अर्धा तास, कॉफी, काय प्लॅन आहे ते खरं खरं सांगावं. नोकऱ्या जाणार का हे ते विचारणारच, तेव्हा गोलमोल बोलू नका.

काढण्याचं निघालंच आहे तर, नोकरीवरून काढल्याचं पत्र कागदावर सही करूनच द्यावं लागतं, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर दिलेलं चालत नाही. दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सहा महिने झाल्यावर माणसाला कायद्याचं संरक्षण मिळतं आणि मग कायद्यात बसणारं कारण लागतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतच नीट बघा, बोला, फीडबॅक द्या. हे सगळं तिथल्या वकिलाला विचारूनच करायचं, इथल्या आपल्या नेहमीच्या सल्लागाराला नाही.

आजारपणाचं मला स्वतःला जड गेलं. आपल्याकडे कुणी आजारी म्हटलं की आपण लगेच विचारतो काय झालं, ताप आहे का, डॉक्टरनं काय सांगितलं, आणि ते मायेनंच विचारतो. तिथे मॅनेजरनं आजार विचारणं म्हणजे हद्द ओलांडणं. माणूस किती दिवस नाही एवढंच कळवतो, आजार काय ते कंपनीला कळत नाही, आणि सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनीनं द्यायचा असतो. मी एकीला दोनदा विचारलं, ती अवघडली, नंतर तिनंच मला समजावलं. आता मी फक्त "लवकर बरी हो" लिहिते आणि थांबते.

वाढदिवसाचंही असंच. आमची सिस्टीम रात्री बाराला सगळ्यांना शुभेच्छांचा मेल पाठवते. पुण्याचे बारा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे साडेआठ, आणि वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं तिथे अशुभ मानतात. वर्षभर आम्ही सगळ्यांना अशुभ मेल पाठवत होतो. केक पण ज्याचा वाढदिवस तोच आणतो, कंपनीनं मागवायची वाट बघत नाहीत.

कौतुकाबद्दल. श्टुटगार्टच्या भागाला श्वाबेन म्हणतात, आणि तिथली म्हणच आहे की शिव्या घातल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तिथला फोरमन तुमच्या ड्रॉइंगवर पहिल्याच वाक्यात "हे चूक आहे" म्हणेल, आमची एक इंजिनिअर पहिल्यांदा ऐकून रडली होती. तो ड्रॉइंगबद्दल बोलतोय, तिच्याबद्दल नाही, आणि दहा मिनिटांनी तोच तिला कॉफी विचारतो. उलट बाजूनं, आपण लिहितो त्या कौतुकात एक मोठी मेख आहे. नोकरी सोडताना तिथे प्रत्येकाला त्सॉयग्निस म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र मिळण्याचा हक्क आहे आणि त्याची भाषा ठरलेली आहे. "त्यांनी खूप प्रयत्न केले" असं आपण मनापासून लिहू, पण तिथे वाचणारा त्याचा अर्थ काढतो की या माणसाला जमलं नाही. नुसतं समाधानकारक लिहिलं तरी कमी मार्कच. हे पत्र कधीही पुण्यातून लिहू नका.

हाक मारण्यात मात्र मराठी माणसाला फायदा आहे. इंग्रजीत सगळेच यू, जर्मनमध्ये झी आणि डू, म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. वयानं किंवा पदानं मोठा माणूस आपणहून डू म्हणूया असं सुचवतो, तोवर हेर किंवा फ्राउ, म्हणजे श्री किंवा श्रीमती, आणि आडनाव. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. भाषाही वाटते तेवढी परकी नाही. अडीच वाजले हे ते हाल्ब द्राय म्हणतात, म्हणजे तिसरा अर्धा, आणि आपला अडीच पण अर्धतृतीयवरूनच आलाय. एकवीसला ते एक आणि वीस म्हणतात, आपल्यासारखंच आधी एक. आमच्या शॉपफ्लोअरच्या पोरांना क्लासमध्ये हे कळलं तेव्हा त्यांची भीती अर्धी गेली.

आणि जर्मन म्हटलं की एकाच साच्यातली माणसं डोळ्यासमोर आणू नका. आमच्या तीस जणांत तुर्की घरातले आहेत, इटालियन आहेत, क्रोएशियन आहेत, तुर्कस्तानाशी कामगार आणायचा करार १९६१ चा, त्यांची नातवंडं आता मशीन चालवतायत. रमजानात शिफ्ट कशी लावायची हे तिथल्या फोरमनला विचारा.

इथून माणूस पाठवायचा असेल तर सगळ्यात इंग्रजी फाडफाड बोलणारा निवडू नका, आम्ही पहिल्यांदा तेच केलं. दुसऱ्यांदा आमचा टूलरूमचा जुना सुपरवायझर पाठवला, इंग्रजी मोडकं, पण हातात काम. आठ दिवसांत तिथल्या मास्टरशी त्याची गट्टी जमली, दोघं मायक्रोमीटर घेऊन बोटांनी बोलायचे. जो जाणार त्याला जाण्याआधी जर्मनचा क्लास लावा, निदान सहा महिने आधी, पुण्यात क्लासची कमी नाही. ईपीएफओकडून, म्हणजे आपल्या पीएफ ऑफिसातून, कव्हरेज सर्टिफिकेट काढा म्हणजे पेन्शनचा हप्ता इथे आणि तिथे असा दुहेरी भरावा लागत नाही. आणि घराचं नीट समजावून पाठवा, कचरा वेगवेगळा करायचा, रविवारी ड्रिल मशीन चालवायचं नाही, आणि श्वाबेनमधली केअरवोखं, म्हणजे आळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायची पाळी, दारावर पाटी लागते. आमच्या सुपरवायझरनं पाटी लागल्या दिवशी जिना झाडला आणि नुसता झाडला नाही, पुसून काढला. शेजारच्या आजींनी संध्याकाळी त्याला घरचा प्लमचा केक आणून दिला, त्याचा फोटो त्यानं मला पाठवला होता.