घरच्या घरी पाणी शुद्ध करताय? या चुका टाळा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्या लेआउटमधले लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्या दाराशी येतात. प्रश्न दरवर्षी तेच, चुकाही त्याच. नागपूरच्या कडेच्या भागात विहीर, बोअर नाहीतर टँकर यावरच भागवावं लागतं, आणि आरओ काही सगळ्यांना परवडत नाही. तुरटी, क्लोरीन, गॅस आणि ऊन एवढ्यावर जंतूंचा बंदोबस्त होतो. फक्त क्रम पाळावा लागतो आणि थोडी कळ काढावी लागते. लोक नेमकी तीच काढत नाहीत.

गढूळ पाण्यातच क्लोरीन टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक. क्लोरीनला चिखल आणि जंतू यांतला फरक कळत नाही. पाण्यात माती, शेवाळ, कुजका पाला असला की ते त्यातच खर्ची पडतं आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही.

एका पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास, हुडकेश्वरच्या पलीकडच्या एका घरून बोलावणं आलं. घरात तिघांना हगवण, धाकट्या पोराला सलाइन लावलेलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, रोज न चुकता औषध टाकतो जी पाण्यात!" मी काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं द्रावण) थेंब टाकले. क्लोरीन शिल्लक असतं तर पाणी पिवळं झालं असतं. रंग आलाच नाही. मग पिंपात हात घातला, तर मनगटाखालची बोटं दिसेनात. विहिरीचं ते मातकट पाणी तसंच भरायचं, वरून चमचाभर टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) भुरभुरायची आणि दहा मिनिटांत ग्लास भरायचे, असा रोजचा शिरस्ता. पावडरही शेगडीशेजारी, तोंड उघड्या पन्नीत. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण ऊब आणि ओल लागली की ते उडून जातं. त्या पन्नीला उग्र वासही उरला नव्हता.

त्या रात्री पाण्यात तुरटी फिरवून ठेवली. सकाळी वरचं नितळ पाणी गाळून घेतलं, ताजं औषध टाकलं, अर्धा तास थांबलो. या वेळी नळी पिवळी झाली. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली आणि आत जाऊन सासूबाईंना दाखवून आणली.

आपल्याकडची काळी माती फार बारीक, पाण्यात तरंगत राहते, नुसतं ठेवून लवकर बसत नाही. म्हणून तुरटी. मी खडा पाण्यात चार-पाच वेळा गोल फिरवतो, भांडं झाकतो आणि सकाळपर्यंत हात लावत नाही. पंधरा मिनिटांनी झाकण उघडून "अजून बसलं नाही" म्हणत पुन्हा ढवळणारे मला दरवर्षी भेटतात. चव तुरट लागली तर तुरटी जास्त झाली, पुढच्या वेळी कमी फिरवा. आणि तुरटीने पाणी आरशासारखं झालं तरी ते पिऊ नका. गाळ खाली बसतो, जंतू सगळे मरत नाहीत.

गाळायला जुनी सुती साडी घ्या, चांगल्या घड्या घालून. वापरून वापरून सुताची भोकं बारीक झालेली असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या अभ्यासात एवढ्याने कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्मे झाले होते. निम्मे उरलेच, म्हणून गाळण्यावर थांबायचं नाही.

औषध किती? ५-६ टक्क्यांचं द्रव क्लोरीन असेल तर नितळ पाण्याला लिटरमागे दोन थेंब. मेडिक्लोर या बाटलीबंद द्रव क्लोरीनसाठी बाटलीवरचं प्रमाण पाळा. गोळ्या घेतल्या तर पाकीट वाचा. आपल्याच नीरीने (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) बनवलेली अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटरला पुरते, पण बाजारातल्या सगळ्या गोळ्या त्या मापाच्या नसतात. कोणतंही औषध असो, अर्धा तास थांबायचंच. सुगंधी किंवा रंगीत ब्लीच पिण्याच्या पाण्यात कधीच नाही.

उकळलेलं पाणी हाताने बाटवणं

वाफ दिसली की गॅस बंद करू नका. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, इथे वीस मिनिटं उकळणं म्हणजे सिलिंडर जाळणं. पण माझा खरा राग पुढच्या कामावर आहे. एवढं उकळलेलं पाणी लोक काल रात्रीचं पाणी तळाशी असलेल्या, आतून बुळबुळीत माठात ओततात. मग शाळेतून आलेलं पोर ग्लास घेतं आणि बोटांसकट बुडवतं. झालं, उकळलेलं फुकट. उकळल्याने आधीचे जंतू मरतात, नंतर पडणाऱ्यांना अडवायला त्यात काही नसतं. माठ रोज घासा, तोटीचाच घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते माठावर न ठेवता खिळ्याला टांगा. क्लोरीन टाकलेलं पाणी मात्र प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवा, मातीच्या भांड्यात क्लोरीन लवकर उतरतं.

उन्हात बाटल्या ठेवणाऱ्यांनो, बाटली पारदर्शक पेट प्लास्टिकची हवी, दोन लिटरपेक्षा मोठी नको, आडवी ठेवायची. कडक ऊन असेल तर सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस. भरलेली बाटली वर्तमानपत्रावर उभी धरून तोंडातून बघा, खालचा मथळा वाचता आला नाही तर पाणी या उपायाला फार गढूळ आहे. मे महिन्यात हा उपाय झकास. श्रावणाच्या झडीत मी त्याच्यावर अजिबात विसंबत नाही.

तांब्याच्या तांब्यात तासभर ठेवून काही होत नाही.

वाळू-कोळशाची मडकी एकावर एक रचून जंतू जातील, हेही धरून चालू नका.

आणि ते टीडीएस मीटर! आकडा दीडशे दिसला की लोक निर्धास्त होतात. मीटर विरघळलेले क्षार मोजतो. जुलाब आणि काविळीचे जंतू त्याला दिसत नाहीत.

बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, उकळल्याने तर ते आणखी दाट होतं. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट ४५ च्या आत हवं, आणि ते प्रयोगशाळेतल्या तपासणीत कळतं. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर ही तपासणी आधी करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत बाळाचं दूध त्या बोअरच्या पाण्यात कालवू नका.