जुनी मसल कार: ओरिजिनल ठेवा किंवा मॉडिफाय करा, पण या चुका टाळा

अमेरिकेत जुन्या मसल कारचा (साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाड्यांचा) नाद असलेली दोन माणसं भेटली की वाद ठरलेला. एकाला स्क्रूसुद्धा कारखान्यातून आला तोच हवा, दुसऱ्याला १९६९ च्या शेव्हरलेट कॅमॅरोत आजचं इंजिन, आजचे ब्रेक आणि गार एसी हवा. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते. तिथे दोन्ही तऱ्हेच्या गाड्या एकमेकींना खेटून चालतात आणि लोक दोन्हींकडे माना वळवून बघतात. मला दोन्ही आवडतात. गाड्या वाया जातात त्या घाईमुळे: कापलेला पत्रा, भंगारात गेलेलं मूळ इंजिन, मशीनखाली पुसलेला नंबर. ही तीन कामं परत फिरवता येत नाहीत. बाकी जवळजवळ सगळं फिरवता येतं, म्हणून पाना हातात घेण्याआधी प्रत्येक वेळी एवढंच विचारावं की हे काम उद्या उलटं करता येईल का.

गाडी कोणती आहे हे न तपासता काम सुरू करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १९८१ च्या मॉडेलपासून १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती आणि जनरल मोटर्सचा (शेव्हरलेट आणि पाँटिअ‍ॅकची मूळ कंपनी) नंबर फारच कमी बोलतो. १९६९ च्या कॅमॅरोचा नंबर १२४३७ ने सुरू झाला तर गाडी व्ही-८ कूपे आहे, १२३३७ ने झाला तर सहा सिलिंडरची. पुढचा ९ म्हणजे वर्ष, त्यानंतर एन असेल तर नॉरवूड, ओहायोचा कारखाना आणि एल असेल तर लॉस एंजेलिसचा. बस. गाडी साधी आहे, की एसएस किंवा झेड/२८ ही जास्त ताकदीची आवृत्ती आहे, हे त्या नंबरवरून कळत नाही. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चं तेच: शेव्हेलच्याच साध्या मालिबू व्ही-८ कूपेचा नंबरही त्याच अंकांनी सुरू होतो. बॅज आणि पट्टे बाजारात विकत मिळतात, त्यामुळे मालिबूची 'एसएस' झालेल्या गाड्या भरपूर आहेत. कधी उलटंही घडतं. खरी एसएस साध्या गाडीच्या भावात मिळते आणि घेणारा तिला साधी समजून कापायला घेतो.

फोर्ड आणि क्रायस्लरवाल्यांचं काम सोपं. त्यांच्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९७० च्या प्लिमथ किंवा डॉजवर ते आर असेल तर गाडी ४२६ हेमी (४२६ घनइंचांचं ताकदवान इंजिन) घेऊनच कारखान्यातून निघाली होती. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मागवता येतो, त्यात गाडी कोणत्या ऑप्शन्ससह बनली ते कंपनीच्या नोंदींतून दिलेलं असतं. पाँटिअ‍ॅकसाठी पीएचएस ही सेवा मूळ बिलाची नोंद देते. जीटीओच्या बाबतीत ती घ्यायलाच हवी, कारण १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा नंबर साध्या ले मान्सपेक्षा वेगळा नव्हता. स्वतंत्र मालिका १९६६ पासून आली.

शेव्हरलेटसाठी कागद गाडीतच शोधावा लागतो. कारखान्यातला बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) कामगार कुठेही खुपसून द्यायचे, पण दोन जागा नेहमीच्या आहेत: मागच्या सीटच्या स्प्रिंगांत आणि पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर. हा कागद पन्नास-साठ वर्षांत पापडासारखा झालेला असतो. सीट उचलली की लगेच व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. टाकी खाली उतरवताना वरचा भाग आधी आरशात बघा, टॉर्च मारा, फोटो काढा आणि मगच हात लावा. टाकी झटक्यात ओढली तर गाडीचा जन्मदाखला तुकड्यांनी जमिनीवर पडेल.

तपास करून गाडी सहा सिलिंडरची किंवा साध्या ३०७ इंजिनाची निघाली, मूळ इंजिन आधीच गेलेलं असलं, तर मनात अपराधीपणा न ठेवता मॉडिफाय करा. १९६९ मध्ये २ लाख ४३ हजारांच्या आसपास कॅमॅरो बनल्या, खास इंजिनाच्या झेडएल१ त्यातल्या फक्त ६९. दोन्हींना एक नियम लावण्यात अर्थ नाही.

मशीन शॉपमध्ये नंबर घालवणं

शेव्हरलेट व्ही-८ च्या ब्लॉकवर, प्रवाशाच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे बोटभर रुंदीची सपाट पट्टी असते. इंजिन कुठे आणि कधी जुळलं, कोणत्या गाडीसाठी, हे त्या पट्टीवर ठोकलेलं असतं. १९७० च्या शेव्हेलमधल्या एलएस६ इंजिनाला चार-स्पीड गिअरबॉक्स असेल तर शेवटी सीआरव्ही दिसतो. गाडीच्या नंबरचा शेवटचा भागही त्याच पट्टीवर किंवा ब्लॉकवर तेल फिल्टरच्या जवळ असतो. 'नंबर्स मॅचिंग' म्हणतात ते हेच.

आता अडचण अशी की ही पट्टी आणि सिलिंडर हेड बसतो तो पृष्ठभाग (डेक) यांची पातळी एकच आहे. इंजिन उघडलं की मशीनवाला डेक सपाट करण्यासाठी वरून धातूचा पातळ थर काढतो आणि त्यासोबत नंबरही जातो. त्याचा काही दोष नसतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ब्लॉक देण्याआधी पट्टीचा जवळून फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, पट्टीवर जाड टेप लावा आणि कामाच्या चिठ्ठीवर ठळक लिहा: या पट्टीला (पॅडला) हात लावायचा नाही. गेलेला नंबर पुन्हा ठोकून घेण्याच्या फंदात पडू नका. कारखान्यात ब्रोच करताना (पृष्ठभाग तासताना) पट्टीवर बारीक समांतर रेघा उमटत, जाणकार त्या भिंगातून बघतात. रेघा नसतील आणि अक्षरं ताजी असतील तर गाडीसोबत तुमच्या शब्दाचीही किंमत जाते. व्हीआयएनची पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावणं तर सरळ गुन्हा आहे.

काढलेले भाग फेकणं

मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, अगदी एअर क्लीनरचं झाकणसुद्धा. बहुतेकांवर तारीख किंवा पार्ट नंबर असतो. तेल पुसा, लेबल लावा, खोक्यात ठेवा. पुढचा मालक त्या खोक्यांसाठी वेगळे पैसे मोजतो. जागा नाही ही सबब मला पटत नाही.

ब्रेक अर्धवट बदलणं

इथे माझं मत ठाम आहे. गाडी रोज रस्त्यावर काढायची असेल तर ब्रेक सुधारा. १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत एकच हायड्रॉलिक सर्किट आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ड्युअल मास्टर सिलिंडर (पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगळा दाब देणारा) आणि पुढे डिस्क बसवल्याने गाडीचं काही बिघडत नाही. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोला डिस्कचे स्पिंडल बोल्टवर बसतात, एक इंचही कापावं लागत नाही. पण किट अर्धवट बसवलं की त्रास सुरू होतो, आणि त्याच त्याच तक्रारी कानावर येतात.

पुढची चाकं तापतात, गाडी ढकलताना जड लागते: मास्टर सिलिंडर ड्रमचाच राहिलाय. ड्रमसाठी त्याच्या आउटलेटमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कवर तोच दाब पॅड सतत घासत ठेवतो. डिस्क-ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर घाला.

जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते: प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा) बसवलेलाच नाही किंवा चुकीचा आहे. मागच्या बाजूला अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह लावा आणि रिकाम्या मैदानात हळूहळू सेट करा.

पॉवर ब्रेक लावूनही पेडल दगडासारखं: हे बहुधा जास्त ताकदीसाठी 'हॉट' कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकल्यानंतर होतं. बूस्टरला आयडलवर पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम लागतो, मोठ्या कॅमवर इंजिन १० इंच देतं. गेज लावून बघा, ऑटोमॅटिक असेल तर गिअरमध्ये टाकून. मग कॅम सौम्य करा, व्हॅक्यूम पंप लावा किंवा हायड्रोबूस्ट (व्हॅक्यूमऐवजी पॉवर स्टिअरिंगच्या दाबावर चालणारा बूस्टर) घ्या. बूस्टर बदलत बसल्याने हा प्रश्न सुटत नाही.

इंजिन तापतं म्हणून भाग बदलत सुटणं

सिग्नलला उभं असताना तापतं आणि पळताना काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय. आधी फॅन श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) जागेवर आहे का ते बघा. दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकलेला हा भाग बऱ्याचदा सगळ्या त्रासाचं मूळ असतो. मग डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी तपासा, तीही कोणीतरी काढून बुच मारलेलं असतं. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय, किंवा खालच्या होजमधली स्प्रिंग नसल्याने वेगात होज आत ओढली जाऊन चपटी होतेय.

पॉइंट्स (ठिणगीची वेळ साधणारे जुने कॉन्टॅक्ट) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं हा मला सगळ्यात आवडणारा बदल आहे. मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपतं, पाहणाऱ्याला काही कळत नाही आणि अर्ध्या तासात पूर्ववत करता येतं. फक्त पॉइंट्ससाठी कॉइलला कमी व्होल्टेज देणारी रेझिस्टन्स वायर किंवा बॅलास्ट तसाच ठेवू नका. अशा बहुतेक किटना पूर्ण १२ व्होल्ट लागतात, नाहीतर जास्त आरपीएमला इंजिन अडखळतं आणि लोक बिचाऱ्या कार्ब्युरेटरला दोष देतात.

जुन्या आकड्यांशी नव्या आकड्यांची तुलना

१९७० च्या एलएस६ ची जाहीर ताकद ४५० हॉर्सपॉवर आणि जनरल मोटर्सच्या आजच्या एलएस३ इंजिनाची ४३०, मग इंजिन बदलून काय मिळालं, असं विचारणारे भेटतात. १९७१ पर्यंतचे आकडे ग्रॉस होते: इंजिन स्टँडवर, फॅन-मफलरचा भार नाही. १९७२ पासून नेट, म्हणजे हे सगळे भार लावून मोजलेले, आकडे आले. शेव्हेलच्या ४५४ चा १९७१ चा आकडा ३६५ होता, १९७२ चा २७०. यातला मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. एलएस३ चे ४३० नेट आहेत, म्हणून तो गाडीत टाकल्यावर जुनी चेसिस, डिफरन्शियल आणि ब्रेक उघडे पडतात. इंजिनाआधी त्यांच्यावर खर्च करा. आणि ते बसवताना फायरवॉल कापू नका, बोल्टने बसणारे माउंट मिळतात.

ओरिजिनल ठेवणाऱ्यांच्या चुका

कारखान्यातून या गाड्या कधीच आरशासारख्या निघाल्या नव्हत्या. फायरवॉलवर खडूच्या खुणा, खालच्या बाजूला उडालेला रंग, पॅनलमधल्या कमी-जास्त फटी. रिस्टोरेशनमध्ये हे सगळं घासून टाकलं की पुरावाच जातो. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनने 'बुलिट' चित्रपटात चालवलेली हिरवी १९६८ ची मस्टँग जीटी न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने १९७४ मध्ये घेतली आणि घरच्या कामाला वापरली. जानेवारी २०२० मध्ये ती फ्लोरिडातल्या लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीवर गेली, गंज, पोचे आणि चित्रीकरणावेळी पाडलेली भोकं यांच्यासकट. ती भोकं बुजवली असती तर?

जुने बदलही पारखून घ्या. पेनसिल्व्हेनियाचा डीलर डॉन येंको कॅमॅरोत ४२७ इंजिन घालून विकायचा. त्या गाड्या आज साध्या 'ओरिजिनल' कॅमॅरोपेक्षा कितीतरी महाग आहेत. १९७० मध्ये पहिल्या मालकाने लावलेली चाकं किंवा इनटेक मॅनिफोल्ड हा गाडीचा इतिहास असू शकतो.

तेलाकडे मात्र ओरिजिनलवाल्यांचं दुर्लक्ष होतं. जुन्या इंजिनांतल्या फ्लॅट टॅपेट कॅमला (टॅपेट थेट घासत चालतात असा कॅम) झिंक-फॉस्फरसची गरज असते. आजच्या पातळ ग्रेडच्या एपीआय तेलांत फॉस्फरस ८०० पीपीएमच्या आत ठेवलेला असतो. जुन्या इंजिनासाठी १,२०० च्या आसपासचं तेल घ्या, नाहीतर टकटक ऐकू येईपर्यंत कॅमचा लोब झिजलेला असतो. टायरचंही तसंच. जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय काढून रेडियल घातले आणि अलाइनमेंट जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर केली की गाडी हायवेवर भरकटते. रेडियलना कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) जास्त लागतो, ३ अंश पॉझिटिव्हच्या आसपास. नट-बोल्ट कितीही छळले तरी एवढं मिळवा.

विमा 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चा (गाडीची किंमत आधीच ठरवलेला) घ्या, काम पूर्ण झाल्यावर पावत्या आणि फोटो देऊन आकडा वाढवून घ्या. साध्या पॉलिसीत तुम्ही घातलेलं इंजिन मोजलंच जात नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी काहींना निवृत्तीनंतर गाडी पुण्याला किंवा नाशिकला न्यायची असते. आयातीचे नियम वेगळे तपासावे लागतील, पण नोंदणीचं एक पक्कं आहे. भारतातल्या २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, तो गाडी मूळ रूपात असेल आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. म्हणून हा बेत मनात असेल तर मूळ इंजिन बाहेर काढण्याआधीच तो घरच्यांशी बोलून पक्का करा.