दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॉटरीपासून संरक्षण: कोणते उपकरण कशासाठी आणि कसे वापरावे

दुर्बिणीने पित्ताशय काढताना पडद्यावर दिसते ते कॉटरीच्या, म्हणजे विजेने ऊती कापणाऱ्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राच्या, हूकचे (आकडीसारख्या अवजाराचे) टोक आणि त्यामागची थोडीशी दांडी. उरलेली दांडी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, आतड्याच्या आणि यकृताच्या शेजारून गेलेली असते, आणि यंत्र चालू करणारे पायाचे पेडल दाबताच तिच्यातूनही तोच प्रवाह वाहत असतो. दांडीवरचे रोधक आवरण शाबूत असेपर्यंत याने काही बिघडत नाही. आवरणाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर मात्र प्रवाह तिथून शेजारच्या अवयवात शिरतो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला ते दिसत नाही. छिद्र जितके लहान, तितका प्रवाह कमी जागेत एकवटतो. म्हणूनच डोळ्यांना सहज दिसणाऱ्या मोठ्या भेगेपेक्षा न दिसणारे बारीक छिद्र अधिक घातक ठरू शकते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. आज ती तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयांतही होते, आणि तिथे एकच हूक धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरला जातो. त्यात गैर काही नाही, पण दर वापरात आवरण झिजते हे गृहीत धरूनच काम करावे लागते. पुढील सूचना अशा रुग्णालयांतील शल्यचिकित्सक, ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) सिस्टर आणि तंत्रज्ञ यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

भरकटलेला प्रवाह अवयवापर्यंत तीन वाटांनी पोहोचतो. आवरण फाटले की तो थेट गळतो. हूकचे टोक दुसऱ्या धातूला, म्हणजे दुर्बिणीला, रक्तवाहिनी बंद करणाऱ्या क्लिपला किंवा ग्रास्परला (ऊती पकडणाऱ्या चिमट्याला) टेकले की त्या धातूमार्फत जातो. तिसरी वाट कमी लक्षात घेतली जाते: आवरण पूर्ण शाबूत असतानाही उच्च वारंवारतेचा प्रवाह, अवजार ज्यातून पोटात जाते त्या बाहेरच्या धातूच्या नळीवर (पोर्टवर) विद्युतभार निर्माण करतो, ज्याला धारितेमुळे होणारे संक्रमण म्हणता येईल. कोणतेही एक उपकरण या तिन्ही वाटा बंद करत नाही. उपकरण विकत घेण्यापूर्वी आणि त्यावर विसंबण्यापूर्वी ते यांपैकी कोणती वाट अडवते, हे विचारावे.

प्लेटवर लक्ष ठेवणारी यंत्रणा

नव्या कॉटरी यंत्रांमध्ये पेशंट प्लेट, म्हणजे रुग्णाच्या अंगाला चिकटवलेली आणि प्रवाह यंत्राकडे परत नेणारी पट्टी, दोन भागांत विभागलेली असते. यंत्र या दोन भागांमधील विद्युतरोध सतत मोजते आणि प्लेट सुटू लागली की धोक्याचा आवाज करून पुरवठा बंद करते. एकसंध प्लेट वापरल्यास यंत्राला वायर जोडलेली आहे एवढेच समजते; प्लेट रुग्णाच्या अंगाला चिकटली आहे की टेबलाखाली लोंबते आहे, हे समजत नाही. म्हणून विभागलेलीच प्लेट घ्यावी. ती मांडीसारख्या मांसल भागावर, कोरड्या त्वचेवर आणि केस काढून लावावी. हाडाचा उंचवटा, जुना व्रण आणि आत धातूचे रोपण असलेली जागा टाळावी. प्लेट कापून लहान करू नये आणि एकदा काढलेली प्लेट पुन्हा चिकटवू नये. पित्ताशयासाठी टेबल डोक्याकडून वर आणि डावीकडे कलवले जाते, त्यानंतर प्लेट एकदा हाताने तपासावी.

शस्त्रक्रियेच्या मध्यावर ‘कॉटरी लागत नाही, पॉवर वाढवा’ अशी सूचना आली, तर आकडा वाढवण्याआधी प्लेट आणि वायरचे सर्व जोड पाहावेत. इशारा वाजल्यावर प्लेटखाली ओला कापूस सरकवणे हा उपाय नसून इशारा गप्प करण्याचा प्रकार आहे. तिथे नवी प्लेटच लावावी. आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्लेटची ही यंत्रणा प्लेटखालची त्वचा भाजू देत नाही, एवढेच तिचे काम. पोटात हूकच्या आवरणातून होणारी गळती तिला मुळीच कळत नाही.

आवरण तपासण्याचे यंत्र

नुसत्या डोळ्यांनी पाहून बारीक छिद्रे सापडत नाहीत, त्यामुळे उच्च दाबाच्या विजेवर चालणारे हातात धरायचे तपासणी यंत्र हाच विश्वासार्ह मार्ग आहे. लहान रुग्णालयाला सर्वप्रथम घेण्यासारखी वस्तू कोणती, असे विचारल्यास मी हेच नाव घेईन. अवजार धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर, निर्जंतुकीकरणासाठी बांधण्यापूर्वी ही तपासणी करावी, कारण ओल्या दांडीवर यंत्र खोटे इशारे देते. यंत्राची एक वायर कॉटरीची पिन जोडतात त्या धातूच्या भागाला लावावी. दुसऱ्या टोकाची कडी किंवा ब्रश टोकाजवळच्या उघड्या धातूला स्पर्श होऊ न देता आवरणाच्या कडेपासून मुठीपर्यंत सावकाश फिरवावा आणि दांडी चारही बाजूंनी तपासावी. टोकाजवळचा भाग आणि नळीच्या झडपेशी सतत घासला जाणारा भाग यांना अधिक वेळ द्यावा. विजेचा दाब किती ठेवायचा, हे अवजार बनवणाऱ्याच्या पुस्तिकेनुसार ठरवावे. तो गरजेपेक्षा जास्त ठेवल्यास तपासणीच चांगल्या आवरणाला इजा करू शकते.

यंत्र वाजले की अवजारावर चिठ्ठी लावून ते त्याच क्षणी वेगळे काढावे. इन्सुलेशन टेप गुंडाळून ‘आजच्या केसपुरते’ वापरण्याचा मोह होतो. ती टेप वाफेच्या तापमानात टिकत नाही आणि पोटात सुटू शकते. प्रत्येक अवजाराला क्रमांक देऊन तपासणीची तारीख वहीत लिहावी, म्हणजे कोणते अवजार किती वापरांनंतर बाद होते, याचा अंदाज आपोआप येतो.

सतत पहारा देणारी प्रणाली

आदल्या दिवशी तपासलेले आवरण शस्त्रक्रियेदरम्यानही फाटू शकते. त्यासाठी सक्रिय इलेक्ट्रोडवर (प्रवाह देणाऱ्या अवजारावर) सतत लक्ष ठेवणारी प्रणाली मिळते. तिच्या अवजारात आवरणाच्या दोन थरांमध्ये धातूचे एक कवच असते. गळलेला किंवा धारितेमुळे निर्माण झालेला प्रवाह हे कवच गोळा करून सुरक्षित वाटेने यंत्राकडे परत नेते, आणि गळती मर्यादेबाहेर गेली की पुरवठा आपोआप थांबतो. ती वापरताना अवजार, वायर आणि नियंत्रक एकाच प्रणालीचे असावेत, कारण साध्या हूकमध्ये कवचच नसल्याने जोडणी बदलून तो संरक्षित होत नाही. रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वी नियंत्रकाची स्वयंचाचणी पूर्ण होऊ द्यावी. मध्येच पुरवठा तुटल्यास प्रणाली बाजूला काढून काम पुढे रेटू नये, अवजार बदलावे. टोक क्लिपला टेकल्याने होणारी इजा मात्र ही प्रणालीही थांबवत नाही. तिथे टोक पूर्ण दिसल्याशिवाय पेडल न दाबणे हाच नियम.

‘सुरक्षित’ अशा नावावर विसंबू नये, याचे जुने उदाहरण ट्रोकारचे, म्हणजे पोटाच्या भिंतीत पोर्टसाठी छिद्र पाडणाऱ्या टोकदार अवजाराचे आहे. टोकावर सरकते कवच असलेल्या ट्रोकारमुळे इजा कमी होतात याला रुग्णांवरील पुरावा नसल्याने, सुरक्षिततेचे दावे वेष्टनावरून काढावेत, असे अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने) १९९६ मध्ये उत्पादकांना कळवले होते.

पैसे न लागणारे संरक्षण

पोर्टची नळी पूर्ण धातूची किंवा पूर्ण प्लास्टिकची असावी. धातूच्या नळीला प्लास्टिकची पकड बसवली, तर नळीवरचा भार पोटाच्या भिंतीतून विखरून जाण्याची वाट बंद होते आणि तो आतड्याकडे वळतो. त्याच पॉवरला ‘कोॲग’ (रक्त गोठवण्याच्या) पेक्षा ‘कट’ (कापण्याच्या) प्रकारामध्ये विद्युतदाब कमी असतो, म्हणून जिथे चालेल तिथे ‘कट’ वापरावे आणि काम होईल इतकीच पॉवर ठेवावी. टोक ऊतीला टेकण्याआधी हवेत पेडल दाबू नये. वायर धातूच्या टॉवेल क्लिपला गुंडाळू नये, आणि हूक वापरात नसताना रुग्णाच्या अंगावरील कापडावर न ठेवता प्लास्टिकच्या खोळीत ठेवावा. नाजूक भागाजवळ बायपोलर (ज्यात प्रवाह अवजाराच्या दोन टोकांमध्येच वाहतो) वापरता आले, तर भरकटणाऱ्या प्रवाहाचा प्रश्नच बराचसा मिटतो.

एवढे करूनही आतडे भाजल्याची शंका राहिली, तर शस्त्रक्रिया आटोपण्यापूर्वी त्या भागातील आतडे ग्रास्परने उलगडून पाहावे. पांढुरका डाग हलका घेऊ नये. भाजलेली भिंत लगेच फुटतेच असे नाही, ती काही दिवसांनी, रुग्ण घरी गेल्यावरही फुटू शकते. म्हणून घरी सोडताना कार्डावर स्पष्ट मराठीत लिहून द्यावे की पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, ताप आला, पोट फुगले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. खाली रात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक द्यावा.