व्हर्डंट (verdant) हा इंग्रजी शब्द कुठे वापरायचा?
पावसात चोर्ला घाटाचा नायतर गोव्यात सत्तरीतल्या कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) फोटो टाकताना कॅप्शनमध्ये नुसतं ग्रीन ग्रीन लिहिण्यापेक्षा व्हर्डंट लिहून बघा, म्हणजे झाडापेडांनी, गवताने हिरवंगार झालेलं, लॅटिन विरिडिस म्हणजे हिरवा त्यातनं आलाय. पण तो जमिनीला, डोंगराला, शेताला, बागेला लागतो, व्हर्डंट हिल्स, व्हर्डंट व्हॅली असा, हिरव्या शर्टाला किंवा स्कूटरला व्हर्डंट म्हटलं की हसं होतं. शब्द जरा पुस्तकी आहे, होमस्टेच्या जाहिरातीत शोभतो, मित्राशी बोलताना लश (lush) बरा. नाम हवं तर व्हर्ड्यूर (verdure), म्हणजे हिरवाई, उच्चार साधारण व्हर्जर. आणि हो, कुणा माणसाला व्हर्डंट म्हणाल तर जपून, कच्चा, अननुभवी असाही अर्थ निघतो!