गेम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर न्यावा का, हे कसे ठरवावे

पीसीवर गेम बरा चालला की ‘स्विचवर (निन्टेंडोच्या हातात धरूनही खेळता येणाऱ्या कन्सोलवर) कधी आणताय?’ अशी विचारणा सुरू होते आणि छोट्या चमूला ती विचारणा म्हणजे जवळजवळ झालेली विक्रीच वाटू लागते. होकार देण्यापूर्वी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

सुरुवात एका प्रतीमागे हाती काय उरते, येथून करावी. समजा, गेमची किंमत 500 रुपये आहे. दुकानाने 30 टक्के कापल्यावर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा सुरुवातीचा दर धरल्यास, 350 रुपये उरतात. त्यातही बरीच विक्री सवलतीच्या दिवसांत होते, म्हणून करांपूर्वीची सरासरी 250 रुपयेच धरावी. दोन प्रोग्रामर प्रत्येकी 70,000 रुपये पगारावर सहा महिने गुंतले तर 8,40,000 रुपये लागतात. उपकरणे, चाचणी आणि भाषांतराची डागडुजी यांसाठी 1,60,000 रुपये बाजूला ठेवले की खर्च 10 लाखांवर जातो. तो भरून निघण्यासाठी 4,000 प्रती खपायला हव्यात. मात्र हे ग्राहक खरोखर नवे असले पाहिजेत. चारांपैकी एक जण एरवी पीसीवरच गेम घेणार असेल, तर त्याच भरपाईसाठी 5,300 हून अधिक प्रती विकाव्या लागतील. हा आकडा बहुतेक जण मांडतच नाहीत, आणि माझ्या मते निर्णय याच आकड्यावर व्हायला हवा.

त्यानंतर सांभाळण्याचा खर्च पाहावा. ‘रॉकेट लीग’च्या निर्मात्यांनी मार्च 2020 मध्ये मॅक आणि लिनक्स आवृत्त्यांचा आधार काढून घेतला, या दोन्हींवरचे सक्रिय खेळाडू मिळून 0.3 टक्क्यांहूनही कमी होते, आणि तेवढ्यांसाठी नव्या ग्राफिक्स प्रणालीचे काम स्वतंत्रपणे करत राहणे त्यांना परवडणारे नव्हते. आज प्रोटॉनमुळे, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या व्हॉल्व कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे, विंडोजचे अनेक गेम स्टीम डेक या तिच्या लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या यंत्रावर तसेच चालतात. म्हणून लिनक्सची वेगळी आवृत्ती करण्याआधी आपला गेम प्रोटॉनवर चालवून पाहावा.

कामाचा अंदाज बांधताना इंजिनच्या, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या, ‘एक्सपोर्ट’ बटणावर विसंबू नये. गेम उघडला म्हणजे आवृत्ती तयार झाली असे होत नाही. लढाई ऐन रंगात असताना वायरलेस कंट्रोलरची बॅटरी संपली, तर गेमने तिथेच थांबून तसा संदेश दाखवायला हवा. कन्सोल कंपन्या अशा गोष्टी तपासूनच मंजुरी देतात. डेस्कवर नीट दिसणारी अक्षरे सोफ्यावरून वाचता येत नाहीत, म्हणून मेनू पुन्हा मांडावा लागतो. पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम (चित्रे) हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम 16.6 मिलिसेकंद मिळतात. पीसीवर सहज जमणारे हे गणित कमी ताकदीच्या यंत्रावर कोलमडते. ते न जमता गेम बाजारात आणला तर काय होते, हे ‘सायबरपंक 2077’ने दाखवून दिले: डिसेंबर 2020 मध्ये जुन्या कन्सोलवरील दुर्दशेमुळे सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून 2021 मध्येच परत घेतला.

म्हणून शक्यतो एकेक पायरी चढावी. ‘स्टारड्यू व्हॅली’ फेब्रुवारी 2016 मध्ये पीसीवर आला, स्विचवर ऑक्टोबर 2017 मध्ये आणि अँड्रॉइडवर थेट मार्च 2019 मध्ये. तोवर त्याचा चाहतावर्ग उभा राहिला होता, आणि थोडा वेळ खेळून बाजूला ठेवता येणारा तो खेळ हातातल्या यंत्राला शोभणाराही होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ मात्र ऑगस्ट 2020 मध्ये आधी स्विचवर आणला आणि पीसी व इतर कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. पहिली पायरी पीसीचीच असली पाहिजे असा नियम नाही, हे त्यातून दिसते.

पोर्टचे, म्हणजे गेम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेण्याचे, काम बाहेरच्या स्टुडिओला देणार असाल, तर करारात एक कलम आवर्जून घालून घ्या: मूळ गेममध्ये सुधारणा झाली की ती नव्या आवृत्तीत कोण उतरवणार, किती दिवसांत आणि किती महिन्यांपर्यंत. याचे स्पष्ट उत्तर लेखी मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.