एसटीपी ऑन आहे तरी लूप पडतो? मिक्स ब्रँडच्या नेटवर्कमध्ये या चुका टाळा

सगळ्या स्विचचे लाइट एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकायला लागले, कुणाला आयपी मिळेना, पिंग टाकला तर कधी चारशे मिलिसेकंद तर कधी सरळ टाइमआउट, आणि स्विचमध्ये शिरायला गेलं तर लॉगिनची स्क्रीनच येत नाही. ज्याने हे एकदा बघितलंय त्याला परत सांगावं लागत नाही, लूप पडलाय, म्हणजे केबल गोल जोडल्या गेल्या आणि फ्रेम (डेटाचे तुकडे) त्यात फिरत बसल्या. आणि तेव्हा हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो पण एसटीपी तर सगळ्या स्विचवर ऑन आहे!" एसटीपी म्हणजे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, जो जादाच्या लिंक ब्लॉक करून नेटवर्कचं लूप नसलेलं झाड बनवतो. ते वाक्य मला फार खटकतं, कारण चार कंपन्यांचे पाच स्विच एकत्र जोडले असतील तर नुसत्या "ऑन आहे" ला काही अर्थ नाही. कुठला एसटीपी ऑन आहे, कुठल्या व्हीलॅनसाठी (त्याच स्विचवर केलेलं वेगळं आभासी नेटवर्क), रूट म्हणजे झाडाचा मुख्य स्विच कोण झालाय आणि समोरच्या स्विचला ही भाषा कळते का, हे सांगता आलं पाहिजे.

आधी थोडक्यात, लूप इतका जीवघेणा का असतो. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नाही. एक साधा एआरपी ब्रॉडकास्ट (आयपीवरून मॅक म्हणजे हार्डवेअरचा पत्ता विचारणारी, सगळ्यांना जाणारी फ्रेम) लूपमध्ये अडकला की तो फिरतच राहतो, आणि प्रत्येक फेरीला त्याच्या कॉप्या बाकीच्या सगळ्या पोर्टवर जातात. गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ पर्यंत जाऊ शकतात, म्हणजे स्विचचा सीपीयू तर बसतोच, पण टोकाला बसलेला बिचारा प्रिंटरसुद्धा गुदमरतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीचा अल्गोरिदम काढला तो याच्यासाठीच, आणि १९९० मध्ये तो ८०२.१डी म्हणून स्टँडर्ड झाला. त्यानंतर त्याच्या इतक्या बोलीभाषा झाल्या की आज आपली निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

रूट कोण आहे ते कुणी ठरवलंच नाही

ही चूक सगळ्यात कॉमन. ज्याच्या प्रायॉरिटीचा आकडा कमी तो रूट होतो. डीफॉल्ट प्रायॉरिटी सगळीकडे ३२७६८ असते, बरोबरी झाली की ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस लहान तो रूट, आणि बऱ्याचदा तो मान मिळतो कोपऱ्यातल्या कुठल्यातरी जुन्या शंभर एमबीपीएसच्या स्विचला. मग सगळ्या नेटवर्कचं झाड त्याच्याभोवती उभं राहतं आणि कोअरची (मधल्या मुख्य स्विचची) चांगली लिंक ब्लॉक होऊन बसते.

मिक्स नेटवर्कमध्ये याच्या पुढचं एक गणित आहे जे लोकांना माहीत नसतं. सिस्को प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड करतो आणि प्रायॉरिटीमध्ये व्हीलॅनचा नंबर मिळवतो, म्हणून व्हीलॅन १० ला ३२७७८ दिसतं आणि व्हीलॅन १ ला ३२७६९. दुसऱ्या कंपनीचा स्विच ज्यावर साधं आरएसटीपी (एसटीपीची वेगवान स्टँडर्ड आवृत्ती) आहे तो मात्र नुसता ३२७६८ सांगतो. म्हणजे डीफॉल्टवर सोडलं तर मॅक अ‍ॅड्रेस बघायची वेळच येत नाही, तो दुसऱ्या कंपनीचा छोटा स्विच तुमच्या कोअरला एका मार्काने हरवतो. आणि यात अजून एक गोची, लोक कोअरवर व्हीलॅन १०, २०, ३० ला प्रायॉरिटी लावतात आणि व्हीलॅन १ विसरतात कारण "तो आपण वापरतच नाही". बाकीचे स्विच तर नेमके व्हीलॅन १ च्याच बीपीडीयूवरून (एसटीपीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते निरोप) ठरवतात की हा किती मोठा आहे! कोअरला ४०९६, बॅकअपला ८१९२, आणि सिस्को असेल तर व्हीलॅन १ सकट. आकडा ४०९६ च्या पटीतच घेतला जातो, मधलं काही टाकलं तर स्विच नाकारतो.

लावून झालं की प्रत्येक स्विचवर जाऊन बघा तो कुणाला रूट मानतोय. सगळ्यांकडून एकच उत्तर आलं पाहिजे. दोन उत्तरं आली तर मध्ये कुठेतरी बीपीडीयू पोचत नाहीयेत, आणि तिथे रिंग (स्विचची गोल जोडणी) पूर्ण होत असेल तर तीच तुमची लूपची जागा.

दोन स्विच, दोन भाषा

सिस्कोचा पीव्हीएसटी (दर व्हीलॅनला वेगळं झाड करणारा एसटीपी) ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकवर, दोन प्रकारचे बीपीडीयू पाठवतो. व्हीलॅन १ साठी स्टँडर्ड, टॅग (व्हीलॅनचा नंबर) नसलेला, जो कुठलाही स्विच समजतो. बाकीच्या व्हीलॅनसाठी स्वतःचे, वेगळ्या मल्टिकास्ट (गटासाठीच्या) पत्त्यावर, टॅग लावून. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला हे दुसरे बीपीडीयू म्हणजे साधं मल्टिकास्ट वाटतं, तो ते न वाचता त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर पुढे ढकलतो. म्हणजे मध्ये परका स्विच आणि दोन्ही बाजूला सिस्को असतील तर ते दोघं एकमेकांना जणू हबवरून जोडलेले दिसतात. हे चालतं, पण त्या परक्या स्विचवर ते व्हीलॅन सगळ्या लिंकवर टॅग केलेले असतील तरच. एखाद्या अपलिंकवर (दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या लिंकवर) व्हीलॅन ३० टॅग करायचा राहिला किंवा दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन (टॅग न लावता जाणारा) वेगळा पडला की झाड अर्धवट होतं.

आणि हेही लक्षात घ्या की परका स्विच पोर्ट ब्लॉक करतो तेव्हा सगळ्या व्हीलॅनसाठी करतो, त्याच्याकडे एकच झाड आहे. त्यामुळे सिस्कोवर निम्मे व्हीलॅन इकडून आणि निम्मे तिकडून असं लोड बॅलन्सिंग करायची हौस असेल तर मिक्स नेटवर्कमध्ये ती सोडून द्या.

माझं स्पष्ट मत, लहान नेटवर्क असेल तर सगळीकडे स्टँडर्ड भाषा ठेवा. सिस्कोवर एमएसटी (व्हीलॅनचे गट करून प्रत्येक गटाला एक झाड देणारी स्टँडर्ड पद्धत) करा, बाकीच्यांवर तीच एमएसटीपी नावाने किंवा आरएसटीपी, सगळे व्हीलॅन इन्स्टन्स (झाड) शून्यमध्येच राहू द्या. जास्त इन्स्टन्स करायचेच असतील तर रीजनचं (सारखं मॅपिंग असलेल्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅनचं मॅपिंग या तिन्ही गोष्टी सगळीकडे अक्षरशः सारख्या पाहिजेत, नावात कॅपिटल स्मॉल अक्षराचा फरक झाला तरी तो वेगळा रीजन होतो. आणि नवीन स्विच बॉक्समधून काढून सरळ रिंगमध्ये लावू नका, कारण बऱ्याच स्मार्ट स्विचवर एसटीपी डीफॉल्टला बंदच येतो. आधी टेबलावर चालू करा, सेव्ह करा, मग रॅकमध्ये.

पाथ कॉस्टचा (रूटपर्यंतच्या वाटेचा आकडा, कमी असेल ती वाट निवडली जाते) घोळ वेगळाच. जुन्या पद्धतीत गिगाबिट लिंकची कॉस्ट ४, नव्या लाँग पद्धतीत २०,०००. एक स्विच ४ मोजतोय आणि दुसरा २०,००० तर तुम्हाला वाटेल त्याच्या भलत्याच ठिकाणी पोर्ट ब्लॉक होणार. लूप नाही पडत याने, पण उद्या केबल काढताना तुम्ही चुकीची काढाल. सगळीकडे लाँग करून मोकळे व्हा.

गार्डच्या जागी फिल्टर

नावं जवळजवळ सारखी, काम एकदम उलटं. बीपीडीयू गार्ड म्हणजे या पोर्टवर बीपीडीयू आला तर पोर्ट बंद कर. इंटरफेसवर बीपीडीयू फिल्टर म्हणजे या पोर्टवर बीपीडीयू पाठवूही नको आणि आला तर ऐकूही नको. होतं काय, एखादा पोर्ट गार्डमुळे सारखा बंद पडत असतो, लोक तक्रार करतात, आणि कुणीतरी घाईत फिल्टर लावून टाकतं. तक्रार थांबते, पण स्विच आंधळा झालेला असतो. तो पोर्ट बंद का होत होता हे आधी शोधा हो, तो ओरडून सांगत होता की पलीकडे कुणीतरी स्विच लावलाय!

पीसी, प्रिंटर, कॅमेरे यांच्या पोर्टवर एज किंवा पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच चालू करणारी सेटिंग) आणि सोबत गार्ड. अपलिंकवर एज कधीच नाही. एज न लावता सोडलं तर दुसरा त्रास, प्रत्येक पीसी चालू बंद झाला की टोपोलॉजी चेंज (जोडणी बदलल्याचा निरोप) जातो, सगळे स्विच मॅक टेबल पुसतात आणि थोडा वेळ सगळीकडे फ्लडिंग (पत्ता माहीत नसल्याने फ्रेम सगळ्या पोर्टवर पाठवणं) होतं. लोकांना तो लूप वाटतो आणि दिवसभर लूप शोधत बसतात.

टेबलाखालचा तो पाच पोर्टचा स्विच

हा माझा स्वतःचा अनुभव. सगळे मॅनेज्ड स्विच व्यवस्थित, रूट बरोबर, गार्ड लावलेला, तरी नेटवर्क दर थोड्या दिवसांनी दहा वीस मिनिटं मरायचं आणि आपोआप उठायचं. लॉगमध्ये फक्त मॅक फ्लॅपिंगच्या ओळी, अमुक मॅक कधी अपलिंकवर दिसतोय कधी पोर्ट १७ वर. पोर्ट १७ ची केबल धरून गेलो तर मीटिंग रूमच्या टेबलाखाली एक छोटा अनमॅनेज्ड स्विच (ज्यात काही सेटिंग करता येत नाही), त्यात एक पॅच कॉर्ड जिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! मीटिंग झाली की कुणीतरी आवरायचं म्हणून लोंबणारं टोक रिकाम्या भोकात खोचत होतं, आणि पुढच्या मीटिंगला कुणीतरी लॅपटॉपसाठी ते परत काढायचं.

मग गार्डने पोर्ट बंद का नाही केला? काही अनमॅनेज्ड स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देतात, मग आपलाच बीपीडीयू आपल्याच पोर्टवर परत येतो आणि गार्ड पकडतो. पण काही तो गिळून टाकतात, आणि गिळला की वरच्या स्विचला काही कळायचा मार्गच उरत नाही. अशा वेळी एसटीपी कितीही नीट लावा, उपयोग नाही. त्यासाठी लूपबॅक डिटेक्शन किंवा लूप प्रोटेक्शन नावाची वेगळी सोय बऱ्याच स्विचमध्ये असते, ती स्वतःची वेगळी फ्रेम पाठवते आणि परत आली तर पोर्ट बंद करते. ती अ‍ॅक्सेस पोर्टवर लावा, आणि सोबत ब्रॉडकास्ट मर्यादेत ठेवणारा स्टॉर्म कंट्रोल. आयपी फोनचंही तसंच, फोनला मागे दोन पोर्ट असतात आणि लोक दोन्ही भिंतीत खोचतात.

अजून तीन ठिकाणं जिथे मी नेहमी बघतो. एक, दोन केबलची जोडी करताना एका बाजूला स्टॅटिक ग्रुप आणि दुसऱ्या बाजूला पोर्ट सुटे, हे हमखास लूपचं काम आहे, दोन्हीकडे एलएसीपी (केबलची जोडी आपसात जुळवणारा प्रोटोकॉल) अ‍ॅक्टिव्हच ठेवा. दोन, लिनक्स ब्रिजमध्ये (कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअर स्विचमध्ये) दोन नेटवर्क कार्ड टाकून दोन्ही स्विचला जोडणं, तिथे एसटीपी डीफॉल्टला बंद असतो. तीन, फायबरची एकच तार मेलेली. ब्लॉक पोर्टला बीपीडीयू येणं थांबतं, जुन्या एसटीपीत २० सेकंद आणि आरएसटीपीत तीन हॅलो (दर दोन सेकंदांनी जाणारे बीपीडीयू) म्हणजे ६ सेकंद वाट बघून तो समजतो की पलीकडे कुणी नाही आणि पोर्ट उघडायला लागतो. फायबर अपलिंकवर लूप गार्ड (बीपीडीयू थांबले तरी पोर्ट उघडू न देणारी सोय) असावाच.

लूप पडलाय, आता काय

सगळे स्विच बंद चालू करू नका. कळतं की मागे चार लोक उभे असतात आणि काहीतरी करून दाखवायचं असतं, पण रीबूट केला की बऱ्याच स्विचवर लॉग आणि काउंटर दोन्ही जातात आणि लूप दोन मिनिटांत परत येतो. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची) बाहेर काढा, कारण लूपच्या वादळात नेटवर्कवरून लॉगिन मिळेलच असं नाही.

कोअरला कन्सोल लावला की पोर्टचे रेट बघा, आणि फक्त इनपुटचा. ही एक गोष्ट तुमचा अर्धा तास वाचवेल. ब्रॉडकास्ट सगळीकडे बाहेर जातोच, त्यामुळे आउटपुट सगळ्याच पोर्टचा भरलेला दिसेल, त्यावरून काही कळत नाही. पण साध्या पीसीचा पोर्ट आत फारसं काही पाठवत नाही. ज्या पोर्टचा इनपुट सेकंदाला लाखो फ्रेमच्या घरात गेलाय तिकडून वादळ येतंय. त्या पोर्टच्या टोकाला जो स्विच असेल त्याच्यावर जा, तिथे परत तेच. बहुतेक वेळा दोन तीन उड्यांत तुम्ही त्या टेबलाखाली पोचता. इनपुट दोन अपलिंकवर भरलेला असेल तर रिंगमध्येच लूप आहे, त्यातली एक लिंक काढा आणि जरा थांबा. वादळ क्षणात थांबतं, पण सीपीयू खाली यायला, लोकांना आयपी मिळायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात दुसरी केबल उपटू नका, नाहीतर कशाने थांबलं ते कळणारच नाही.

शांत झालं की टोपोलॉजी चेंजचा काउंटर बघा, शेवटचा बदल कुठल्या पोर्टवरून आला ते बरेच स्विच सांगतात. आणि मध्ये कधी जुना एसटीपीवाला स्विच काढून नवा लावला असेल तर त्याच्या शेजाऱ्याचा पोर्ट अजून जुन्या एसटीपी मोडमध्ये अडकलाय का तेही तपासा, तसं असेल तर तिथे बदलाला काही सेकंदांऐवजी ३० ते ५० सेकंद लागत राहतात. प्रोटोकॉल परत तपासायची कमांड देऊन तो सोडवता येतो.

सगळं लावून झाल्यावर लोक नसतील अशा वेळी एकदा मुद्दाम लूप करून बघा. कन्सोल उघडा ठेवा, एकाच स्विचच्या दोन अ‍ॅक्सेस पोर्टमध्ये पॅच कॉर्ड लावा, मग अनमॅनेज्ड स्विच मध्ये घालून तेच करा. पोर्ट बंद झाल्याची ओळ लॉगमध्ये आली पाहिजे. कॉर्डचं टोक मात्र हातातून सोडू नका, पाच दहा सेकंदात ती ओळ आली नाही तर लगेच उपटायचं.